शरणप्पांनी हरलेली गावं

शरणप्पा सकाळी कचेरीत यायचे, डोक्यावरचा रुमाल काढून खुंटीला अडकवायचे, आपल्या जागेवर बसायचे आणि दौतीचं झाकण उघडता उघडता लांब श्वास सोडून म्हणायचे, "गेलं. काल सगळं गेलं."

नवीन माणूस दचकायचा. विचारायचा, "काय गेलं, अप्पा?"

"नदीकाठचं गाव गेलं. त्यातली माणसं गेली. घोडे गेले. आणि शेवटाला आतून केसाळ कातड्याचं अस्तर असलेला कोट गेला. कोट जायला नको होता, बघा. बाहेर थंडी लई होती."

बाहेर धाराशिवचा वैशाख असायचा. कचेरीचा पत्रा तापून कडकड वाजत असायचा आणि शिपाई माठावर ओलं फडकं टाकत असायचा. नवा माणूस आमच्याकडं बघायचा. आम्ही जुने लोक मान खाली घालून लिहीत राहायचो. रोज कोण समजावणार? ते गाव रशियात होतं, घोडे रशियात होते, आणि ते सगळं एका लेफ्टनंटानं पत्त्यांत घालवलं होतं. तो लेफ्टनंट अप्पांनी आदल्या संध्याकाळी वाचलेल्या पुस्तकात होता. पण अप्पांना बघून तसं वाटायचं नाही. खांदे पडलेले, डोळे खोल गेलेले, कोटाची बाही विरलेली. हरलेला माणूस कसा दिसतो हे कुणाला बघायचं असतं तर मी अप्पांकडं बोट दाखवलं असतं.

निजामाचं राज्य होतं, तिकडं मोठी लढाई चालली होती, इथं धान्याची लेव्ही आणि उर्दू कागदांचे ढीग. मला त्या वर्षांतला थकवाच जास्त आठवतो. त्यात शेजारी अप्पा. कचेरीत माझी बैठक त्यांच्या शेजारी, आणि राहायची खोलीही भिंतीला भिंत लागून. सकाळ-संध्याकाळ हा माणूस आणि याचे रशियन जुगारी. सुटका नव्हती.

एकदा नवे तहसीलदार आले. हैदराबादचे. फार सभ्य माणूस, शिपायालाही 'आप' म्हणायचे. त्यांच्या कानावर कुणीतरी घातलं की एक अहलकार, म्हणजे कारकून, जुगारी आहे आणि काल रात्रीच त्यानं गाव घालवलं. साहेबांनी अप्पांना बोलावलं. मी सहीचे कागद घेऊन तिथंच उभा होतो.

"सुना है, आप कल एक गाँव हार गए?"

"जी हुजूर," अप्पा म्हणाले.

"कौनसा गाँव?"

अप्पांनी काहीतरी लांबलचक नाव घेतलं. साहेबांनी माझ्याकडं वळून विचारलं, "ये कौनसे तालुके में है?"

मी छताकडं बघितलं. अप्पाच म्हणाले, "हुजूर, रूस में."

साहेबांनी लेखणी खाली ठेवली. "और हारा कौन?"

"एक लेफ्टनंट था, हुजूर. मैं बोलता रहा, उठो, उठो. नै उठा."

साहेब अगदी हळू आवाजात म्हणाले, "खैर. हमारे तालुके का कुछ मत हारिए." अप्पा सलाम करून गेल्यावर ते मला म्हणाले, "आप पड़ोस में रहते हैं ना? ज़रा नज़र रखिए." तेव्हापासून अप्पांवर नजर ठेवणं हे माझं जवळजवळ सरकारी कामच झालं. पगारात त्यानं काही फरक पडला नाही.

अप्पा मूळचे कर्नाटकाच्या अंगाला असलेल्या एका खेड्यातले, लिंगायत. घरात कानडी, गावात मराठी, कचेरीत उर्दू. सोलापुरात राहून मॅट्रिक झाल्यामुळं इंग्रजीही यायचं. ही चौथी भाषा ते फक्त एकाच कामासाठी वापरत. महिन्यातून एका शुक्रवारी, म्हणजे आमच्या सुट्टीच्या दिवशी, ते मोटारीनं सोलापूरला जात आणि एका रद्दीवाल्याकडून रशियन गोष्टींची इंग्रजी पुस्तकं घेऊन येत. पुस्तकांची नावं मला विचारू नका. बहुतेकांची पहिली पानं गेलेली असायची, आणि लिहिणारा कोण याच्याशी अप्पांना कर्तव्य नव्हतं. ते रद्दीवाल्याला एवढंच विचारायचे, "ह्यात जुगार हाय का?" रद्दीवाल्याला इंग्रजी येत नव्हतं. तो सगळ्यालाच हो म्हणायचा. त्यामुळं एकदा अप्पांनी मधमाश्या पाळण्याचं एक पुस्तक निम्म्यापर्यंत वाचलं. "पुढं येईल येईल म्हनून वाचत गेलो," ते म्हणाले.

परतताना तामलवाडीच्या अलीकडं हद्दीवर करोडगिरीचा नाका लागायचा. करोडगिरी म्हणजे जकात. इंग्रजांच्या मुलखातून येणारी प्रत्येक पिशवी तिथं उघडायची. एकदा मी अप्पांबरोबर होतो. नाक्यावरच्या जवानानं पुस्तक उचललं, उलटं धरलं आणि विचारलं, "ये क्या है?"

"रूस का किस्सा है, मियाँ."

रशियाचं नाव ऐकून जवान सावध झाला. "इसमें सियासत तो नै?"

"नै, नै. सिर्फ जुआ."

जवानाचा चेहरा मोकळा झाला. त्यानं पुस्तक सुलटं केलं. "क्या होता है इसमें?" अप्पांनी सांगायला सुरुवात केली. ड्रायव्हर भोंगा वाजवत राहिला, उतारू उन्हात वैतागत राहिले, मी त्यांच्यात होतो. पुढच्या महिन्यात अप्पा परत गेले तर जवानानं पिशवीला हातच लावला नाही. आधी विचारलं, "वो लेफ्टनंट का क्या हुआ?"

"फिर बैठ गया."

"कोट गया, फिर भी?"

"कोट के वास्तेच बैठा."

जवानानं कपाळाला हात लावला आणि मागं उभी असलेली बैलगाडी न तपासताच सोडून दिली.

इथपर्यंत ठीक होतं. माणसाला एखादं वेड असतं. कुणी कबुतरं पाळतं, कुणी अत्तरं जमवतं. पण अप्पांची दुसरी खोड मात्र मला फार दमवायची. ते कुठूनही मध्येच उठायचे.

न्हाव्यापुढं बसलेले असायचे. एका गालावरची दाढी झाली की ताडकन उठून चालू लागायचे. न्हावी वस्तरा हातात घेऊन मागं. तसल्या निम्म्या दाढीनं ते एकदा कचेरीत येऊन बसले आणि दुपारपर्यंत कागद लिहीत राहिले. कीर्तन ऐन रंगात आलेलं असायचं, बुवांनी गोष्टीतल्या राजाला तलवारीपर्यंत आणलेलं असायचं, आणि अप्पा उठून चपला शोधायला लागायचे. लग्नाच्या पंगतीत हुग्गी वाढायला घेतली, म्हणजे गव्हाची ती गुळाची खीर, आणि ती अप्पांना जीव की प्राण, की दुसऱ्या घासाला अप्पा उभे. यजमान धावत यायचा, काही चुकलं का, म्हणून हात जोडायचा. अप्पा तोवर मांडवाबाहेर गेलेले. मग यजमानाची समजूत मी काढायची. माझी खीर पानात थंड.

एकदा मी चिडून विचारलं, "अप्पा, हे काय चाललंय? भरल्या पानावरून का उठता?"

"उठता येतंय का बघत होतो."

"आलं की."

"आलं. पण लई जड गेलं, पंत." ते खरोखर विचार करत होते. "पोट भरल्यावर कुनीबी उठंल. तोंडात गोड असताना पाय ऐकत न्हाईत. तवा कसं उठायचं, त्यो सराव पायजे."

कशाचा सराव, हे मी विचारलं नाही. संध्याकाळची कामं पडली होती, आणि अप्पांना एक विचारलं की ते दहा सांगत.

गावानं आपल्यापुरता निकाल लावला होता. शरणप्पा जुगारी. लग्न केलं नाही, गावाकडचं रान गेलं, अंगावर धड कोट नाही, महिन्याला सोलापूरच्या वाऱ्या. आणखी काय पुरावा हवा? अप्पांच्या तोंडावर कुणी बोललं तरी ते नाकारत नसत. "बोलू द्या," म्हणत. मला वाटायचं, या माणसाला पुस्तकातलं आणि आपलं यातला फरकच कळेनासा झालाय.

मग एका गुरुवारी ते माझ्या दारात येऊन उभे राहिले. "पंत, उद्या कळंबला येता का माझ्यासंगं? काय करायचं न्हाई. निसतं बसायचं."

कळंबला त्यांचा धाकटा भाऊ बसप्पा धान्याचा व्यापार करतो, एवढं मला माहीत होतं. आम्ही दुपारी पोचलो. बाजाराचा दिवस होता, ज्वारीची पोती उतरत होती. अप्पा दुकानात थांबले नाहीत. एका अडतीच्या मागच्या खोलीत मला घेऊन गेले. तिथं पोत्यांवर बसून चौघं-पाचजण तीन पत्ती खेळत होते. त्यांतला एक अगदी अप्पांसारखा, फक्त वयानं कमी. अप्पा त्याच्या शेजारी टेकले. तो म्हणाला, "अण्णा, आलास?" आणि नजर पत्त्यांवरच ठेवली.

बाकीचे जरा अवघडले. पण अप्पा कुणाला काही बोलले नाहीत. त्यांनी एक गोष्ट सुरू केली. रशियातलीच. एक वैद्य असतो. बर्फातून, बिनचाकाच्या गाडीतून रोग्याकडं निघालेला असतो. वाटेत घोड्याला विसावा द्यायला एका धाब्यावर थांबतो. तिथं डाव चाललेला असतो. एकच डाव, म्हणून तो बसतो. रोग्याच्या घरून माणूस येतो, म्हणतो, चला. वैद्य म्हणतो, हे एवढं पान बघतो आणि आलो.

अप्पा सांगायचे फार छान. आवाज चढवत नसत. बर्फ त्यांनी जन्मात पाहिलेला नव्हता, सोलापुरात सोड्याच्या बाटल्यांवर ठेवलेली लादी तेवढी पाहिली होती. पण त्या कोंदट खोलीत मला पायाला गार लागल्यासारखं झालं. एकेकाचे पत्ते खाली यायला लागले. एकानं विचारलं, "वैद्याला पान कोणतं आलंतं?" दुसरा त्याला गप्प म्हणाला. रोग्याच्या घरचा माणूस पुन्हा येतो. दार उघडतो. या वेळी तो काही बोलत नाही, नुसता दारात उभा राहतो.

आणि तिथं अप्पा उठले. गोष्ट तशीच सोडून बाहेर गेले आणि ओट्यावर जाऊन उभे राहिले.

मला राग आला. इथंही ती खोड. पण खोलीतली माणसं एकेक करून उठली. "अवं अप्पा, पुढं काय झालं? रोगी गेला का?" म्हणत ओट्यावर जमा झाली. अप्पा दाराकडं बघत होते. मी आत वळून बघितलं. बसप्पा एकटाच बसला होता. त्यानं सगळ्यांचे पत्ते गोळा केले, पिसले, आणि रिकाम्या जागांपुढं पानं वाटायला लागला. गेलेली माणसं परत येऊन बसतील तेव्हा वेळ जायला नको, म्हणून.

अप्पांनी ते बघितलं. मग त्या लोकांना गोष्टीचा शेवट सांगून टाकला. काय सांगितला ते मी ऐकलं नाही.

परतीच्या मोटारीत मी म्हणालो, "रान त्यानं घालवलं तर."

"व्हय."

"आणि गाव तुम्हाला जुगारी म्हणतं."

"मला पोरं न्हाईत, बाळं न्हाईत. मला काय फरक पडतो? त्याला पोरगी हाय." मग ते म्हणाले, "ल्हानपनी लई रडायचा. गप बसावा म्हनून म्या चिंचोके मुठीत धरायचो. एकी का बेकी? लगेच गप. म्याच शिकवलं."

"एकी-बेकी सगळीच पोरं खेळतात, अप्पा."

ते म्हणाले, "सोलापुरात एकदा असंच एक पुस्तक हाताला लागलं. वाचलं तर हुबेहूब बसू. तेच बोलनं, तेच शपथा घेनं. मला वाटलं, त्या मुलखात ह्या रोगाचा एवढा अभ्यास झालाय, तर कुटंतरी औषध पन लिवलं असंल. कोन तरी कसा उठला, काय केल्यावर उठला, तेवढं कळलं तरी बास. म्हनून वाचत गेलो."

"मग?"

"रोग लई बरोबर लिवलाय," अप्पा म्हणाले. "औषध न्हाई. उठत्यात काही. पन परत बसत्यात."

मोटार खडखडत होती. मी त्यांच्या निम्म्या दाढीचा विचार करत होतो.

दोन-एक वर्षं गेली असतील. बसप्पाच्या मुलीला, गौरव्वाला, तामलवाडीचं स्थळ आलं. शेतीवाडी असलेलं, नेकीचं घर. मुलगा चार बुकं शिकलेला. सगळं जमत आलं आणि मुलाचे वडील सिद्रामप्पा यांच्या कानावर आलं की या घराण्यात जुगार आहे. ते चौकशीला धाराशिवला आले. अप्पांना ते आधीच कळलं होतं. त्यांनी मला बजावलं, "त्यांस्नी सरळ माझ्याकडं आना. आनि तुमी तोंड उघडू नका."

सिद्रामप्पा वयानं मोठे, पांढऱ्या मिशांचे, सरळ माणूस. अप्पांच्या ओट्यावर घोंगडीवर बसले. पाणी घेतलं. मग म्हणाले, "आडपडदा नको. तुमच्या घराण्यात जुगार हाय, असं ऐकतो."

"हाय," अप्पा म्हणाले.

"कोन?"

"म्या."

सिद्रामप्पांनी माझ्याकडं बघितलं. मी अंगणातल्या कोंबडीकडं बघितलं.

आणि मग अप्पांनी सांगायला सुरुवात केली. तेरणेकाठचं काळंभोर रान डावावर कसं लावलं आणि कसं गेलं. नंतर खिलारी बैलांची जोड कशी गेली, नवा मालक त्यांना घेऊन जाताना बैल मागं वळून कसे बघत होते. पौषातल्या थंडीत अंगावरची घोंगडी लावली आणि ती हरल्यावर उघड्या अंगानं गावापर्यंत कसे चालत आले. एकदा आजारी माणसासाठी औषध आणायला निघाले, वाटेत डाव दिसला, एकच म्हणून बसले, आणि घरचा माणूस येऊन दारात नुसता उभा राहिला. मला एकेक ओळखू येत होतं. हे त्या लेफ्टनंटाचं. हा तो वैद्य. हे घोडे. सगळी रशियन मंडळी धाराशिव तालुक्यात येऊन राहिली होती, बर्फ जाऊन दव पडलं होतं, आणि अप्पा त्यांच्या वतीनं एकेक करून कबुली देत होते.

सिद्रामप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं. "आनि धाकटा भाऊ?"

"बसू? त्यो पत्त्याला शिवत न्हाई. त्याच्या वाट्याचं रान माझ्यापायी गेलं. तोंडातनं शब्द काढला न्हाई त्यानं."

सिद्रामप्पा मला म्हणाले, "पंत, खरं हाय का हे?"

"गावात कुणालाही विचारा," मी म्हणालो. ते काही खोटं नव्हतं. ते उतरून बाजारात गेले, तिघाचौघांना विचारलं, आणि सगळ्यांनी एकमुखानं सांगितलं की शरणप्पासारखा जुगारी जिल्ह्यात नाही.

स्थळ पक्कं झालं. सिद्रामप्पांनी एकच अट घातली, तीही फार संकोचानं. थोरल्या चुलत्यानं लग्नाला येऊ नये. चार माणसांत नाव निघतं. अप्पा म्हणाले, "बरोबर हाय तुमचं. म्या असतो तरी हेच म्हनलो असतो."

लग्नाला त्यांच्या वतीनं मी गेलो. परत आलो तर अप्पा ओट्यावरच बसलेले. त्यांनी बारीकसारीक सगळं विचारलं. अक्षता सगळ्यांना पुरल्या का, पोरीनं कोणत्या रंगाचं लुगडं नेसलं होतं, हुग्गीत गूळ बरोबर पडला होता का, जाताना रडली का. बसप्पा कुठं होता, हेही विचारलं. मी सांगितलं, अक्षतांच्या वेळी नवा पटका बांधून पुढंच उभा होता. पंगत उठल्यावर तो वाजंत्रीवाल्यांच्या घोळक्यात पत्ते घेऊन बसला होता, ते सांगायची गरज मला वाटली नाही. अप्पांनीही पुढं विचारलं नाही.

त्या वर्षी पंचमीला, दुपारची सुट्टी करून मी जेवायला घरी आलो होतो, तोच अप्पा धावत माझ्याकडं आले. इतक्या वर्षांत मी त्यांना धावताना पाहिलं नव्हतं.

"पंत, घरात पत्त्यांचा कॅट हाय का?"

"कशाला?"

"गौरव्वा आलीया. पंचमीला कळंबला जायची, तर मधीच हितं उतरली. जावई संगं हाय. मोटारीपाशी सामान उतरवायलेत. घरात पत्ते दिसले पायजेत की."

मी कपाटातून मुलांचा जुना कॅट काढून दिला. ते तो छातीशी धरून परत धावले. मीही मागं गेलो. नजर ठेवायची सवय झाली होती.

थोड्या वेळात पोरगी आणि जावई आले. गौरव्वा दारातूनच "दोड्डप्पा," म्हणाली. कानडीत थोरल्या चुलत्याला तसं म्हणतात. पाया पडली आणि पदर खोचून सरळ चुलीकडं गेली. जावई शांत, सडपातळ तरुण. तो टेकला आणि त्यानं घोंगडीकडं बघितलं. अप्पांनी तिथं पत्ते मांडून ठेवले होते. सगळेच्या सगळे, उताणे, ओळीनं, बाजारात भाजीवाली जुड्या मांडते तसे. राजे एकीकडं, राण्या त्यांच्या शेजारी, आणि जागा पुरली नाही म्हणून काही पत्ते उशीवर.

"काल रातीपासून बसलोय," अप्पा पडेल आवाजात म्हणाले. "लई गेलं."

जावई पत्त्यांकडं बघून म्हणाला, "मामा, पत्ते असं मांडत न्हाईत."

अप्पांनी माझ्याकडं बघितलं. माझ्याकडं तरी काय होतं?

"मला म्हाईत हाय," जावई म्हणाला. "तिनं पयल्याच महिन्यात सांगितलं."

"तुमच्या वडलांना?"

"न्हाई. त्यांस्नी कशाला?"

अप्पांनी मान हलवली. मग खाली वाकून ते एकेक पत्ता उचलायला लागले. पत्ते निसटत होते. जावयानं पुढं होऊन उशीवरचे गोळा केले, सगळा कॅट नीट बसवला आणि माझ्या हातात दिला. अप्पा तसेच घोंगडीवर बसून राहिले. पाहुणा समोर होता, आणि पहिल्यांदाच त्यांना सांगायला कुणाचं काही गेलेलं नव्हतं.

आतून भांड्यांचा आवाज येत होता. गौरव्वा एकेक फडताळ उघडत होती, पुन्हा लावत होती. मग ती दारात आली. तिच्या हातात एक पितळी ताट होतं, कडेला चेपलेलं.

"दोड्डप्पा," तिनं विचारलं, "घरात ताट एकच हाय?"

अप्पा म्हणाले, "लागत न्हवतं."

मी चपला घातल्या आणि आमच्या घरून ताटं आणायला गेलो.